लिफ्टिंग कुठून सुरू होतं: अ‍ॅक्रिलिक नखांच्या प्रकल्प नोंदी

4 मे 2025

डोंबिवली पूर्वेला सोसायटीच्या तळमजल्यावर आमचा नेल स्टुडिओ आहे. एक खोली, दोन टेबलं, एक खिडकी. मी आणि माझी सहायक, दोघीच. काम जास्त करून अ‍ॅक्रिलिक एक्स्टेन्शनचं, आणि तक्रार कायम एकच: "ताई, मागून उचललंय बघा." तीन आठवड्यांनी रिफिलला (नख वाढून मागे मोकळी झालेली जागा भरायला) यायची ती बाई दहाव्या दिवशी बोट पुढे करून दारात उभी असते.

यावर धंद्यात सगळ्यांचं उत्तर ठरलेलं आहे, प्रायमर (पकड यावी म्हणून नखाला आधी लावतो ते द्रव) बदल. सप्लायरही तेच सांगतो, कारण प्रायमर तोच विकतो. मला ते पटत नाही. प्रायमर खराब असता तर दहाच्या दहा नखं उचलली असती. उचलतात ती ठरावीक बोटं, आणि त्यातही ठरावीक जागी. म्हणजे जागेवरून कारण ओळखता यायला हवं.

म्हणून ठरवलंय की आजपासून पावसाळा संपेपर्यंत पावडर, लिक्विड, प्रायमर यांतलं काही बदलायचं नाही. प्रत्येक क्लाएंटच्या नावाने वहीत एक पान. पानावर दहा नखांची चित्रं आणि जिथे सुटलं तिथे पेन्सिलीने काळं करायचं. मागची कड, डावी बाजू, उजवी बाजू, मधला भाग, पुढचं टोक, असे प्रत्येक नखाचे पाच भाग. शेजारी लिहायचं: कोणता हात कोणी केला, त्या वेळी खोलीत तापमान आणि दमटपणा किती होता, आणि बाई हाताने काय काम करते. शेवटची गोष्ट आजवर आम्ही कुणाला विचारत नव्हतो.

लिफ्टिंग म्हणजे काय हेही ठरवून ठेवलं. कडेखाली केस अडकला, किंवा वरून पांढुरका डाग दिसला, की ते लिफ्टिंग. डाग मध्येच असेल आणि कडा घट्ट असतील तरी ते लिफ्टिंगच, त्याला आम्ही खिसा म्हणतो. काडी घालून किती आत जाते ते बघायचं नाही. त्यानेच आणखी सुटतं.

9 मे

सहायकेने विचारलं, "ताई, पण हे मुळात चिकटतं कसं?" प्रश्न चांगला होता, म्हणून उत्तर इथे लिहून ठेवते.

नख म्हणजे केराटिनचे एकमेकांवर दाबलेले थर, हाताच्या नखाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. आपलं लिक्विड म्हणजे इथिल मेथाक्रिलेट, ज्याला सगळे मोनोमर म्हणतात. पावडर म्हणजे आधीच तयार झालेलं अ‍ॅक्रिलिक, बारीक गोळ्यांच्या रूपात, आणि त्यात थोडं बेन्झॉइल पेरॉक्साइड. लिक्विडमध्ये एक अमाइन असतं. ब्रशवर दोन्ही भेटले की अमाइन पेरॉक्साइडला फोडतं आणि मोनोमरचे रेणू साखळीने जोडले जाऊ लागतात. दिवा लागत नाही, खोलीचं तापमान पुरतं. काही मिनिटांत ब्रशच्या दांड्याने टक टक वाजण्याइतकं कडक होतं, पण आतली साखळी पुढे एक-दोन दिवस पूर्ण होत राहते.

चिकटणं घडतं ते पहिल्या काही सेकंदांत. ब्रशवर झालेला पावडर-लिक्विडचा ओला गोळा नखाच्या पृष्ठभागावर पसरून प्रत्येक खाचेत शिरला पाहिजे. मध्ये तेल असेल, पाणी असेल, मेलेली कातडी असेल किंवा फाइलची धूळ असेल, तर अ‍ॅक्रिलिक नखाला नाही, त्या थराला चिकटतं. ओल आलेल्या भिंतीवर महागडा रंग मारला तरी पोपडे धरतातच, तसं.

जाता जाता एक गंमत. हा प्रकार मुळात दातांच्या दवाखान्यातला. अमेरिकेत फिलाडेल्फियात फ्रेड स्लॅक नावाच्या दंतवैद्याचं नख तुटलं आणि त्याने दातांसाठी वापरायचं अ‍ॅक्रिलिक आणि अ‍ॅल्युमिनियमची फॉइल घेऊन स्वतःलाच नवं नख बसवलं. हे 1954 चं, असं सांगतात. फॉइलच्या आधारावर नख घडवायचं ही कल्पना आजच्या कागदी फॉर्मच्या रूपात अजून टिकून आहे.

14 मे

लग्नाचा हंगाम. दुपारी वीज गेली आणि एसी बंद. मीटरवर 35 अंश. अ‍ॅक्रिलिकला 21 ते 25 अंशांच्या आसपासची खोली मानवते. आज गोळा नखावर ठेवून दाबायच्या आत वरून साय धरत होता. वरून बसल्यासारखा दिसतो, खाली मात्र नखाला नीट टेकलेला नसतो. दोन नवऱ्या मुलींना सरळ सांगितलं, संध्याकाळी या. एक चिडली.

वीज आल्यावर दुसरंच दिसलं. टेबलफॅनचा झोत थेट माझ्या उजव्या हातावर येतो. झोताने लिक्विड भराभर उडतं आणि गोळा कोरडा पडतो. पंखा भिंतीकडे वळवला, एसीच्या पट्ट्या वर केल्या. धूळ ओढणारा डस्ट कलेक्टर फक्त फाइलिंगला चालू ठेवायचा, गोळा लावताना बंद. खिडकीवरचा एक्झॉस्ट मात्र दिवसभर चालू, त्याशिवाय वासाने डोकं धरतं.

20 मे

पहिली काही पानं भरली. काळं झालेला भाग बहुतेक ठिकाणी एकच: मागची कड, कातडीलगत. आणि तिथेही सरळ रेषेत नाही, कोपऱ्यांत जास्त.

आज एका क्लाएंटचं पूर्ण सुटलेलं नख हातात आलं. उलटं करून भिंगाखाली पाहिलं. मागच्या बाजूला कातडीचा पातळ, कागदासारखा पापुद्रा अ‍ॅक्रिलिकला चिकटून आला होता. प्रश्न तिथेच सुटला.

नखाच्या मागे जी जिवंत कातडीची घडी दिसते ती क्युटिकल नव्हे. ती संरक्षक कड आहे, ती कापायची नाही. खरं क्युटिकल म्हणजे त्या घडीखालून नखाबरोबर पुढे सरकत येणारा मेलेल्या कातडीचा पारदर्शक थर. तो नखाला घट्ट बसलेला असतो आणि ओला असताना तर दिसतच नाही. पुशरने घडी मागे सारली की लोकांना वाटतं काम झालं. थर तिथेच राहतो, त्यावर अ‍ॅक्रिलिक जातं, आणि आठवड्याभरात थर नखापासून सुटतो. अ‍ॅक्रिलिक बिचारं थराला इमानाने चिकटून असतं.

आता क्रम असा ठरवला. नख कोरडं. पुशरने घडी हलकेच मागे. मग ई-फाइलला (विजेवर फिरणाऱ्या फाइलला) बारीक डायमंड बिट, म्हणजे घासायचं टोक, कमी वेगावर, बिट नखाला जवळजवळ आडवं धरून कडेकडेने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. पांढरी भुकटी उडते ती त्या थराची. मग टेबलदिव्याखाली बोट तिरकं करून बघायचं. जिथे चमक दिसली तिथे काम राहिलंय. चमक घालवायला 180 ग्रिटची फाइल, नखाच्या वाढीच्या दिशेने, हलक्या हाताने. चमक जाणं पुरे आहे. नख पातळ करायचं नाही.

एक नियम आजपासून दारावर: एक्स्टेन्शनच्या आधी मॅनिक्युअर नाही. कोमट पाण्यात हात बुडवले की नख पाणी पिऊन फुगतं, वाळताना आकसतं, आणि वर बसलेलं कडक अ‍ॅक्रिलिक त्याच्याबरोबर हलत नाही. मॅनिक्युअर हवं असेल तर आदल्या दिवशी.

26 मे

पाऊस. मे महिन्यातच. हवामान खात्याने आज मुंबईत मान्सून आल्याचं जाहीर केलं, नोंदीतली सर्वांत लवकरची तारीख म्हणे. एरवी 11 जून धरून चालतो. मीटरवर दमटपणा 80 च्या वर. पावसाळ्याची पानं जूनमध्ये सुरू होतील असा हिशोब होता, तो आजच मोडला.

3 जून

दमट हवेत दोन हातांत फरक दिसतोय. दोन्ही हात मी एकटीने केले अशा पानांवर, म्हणजे आम्ही दोघींनी एकेक हात घेतला नाही अशा दिवशी, डाव्या हातापेक्षा उजवा जास्त सुटलाय. बाई उजव्या हाताने जास्त कामं करते हे एक कारण झालंच. पण दुसरं टेबलावरच होतं. मी दहाही नखांची तयारी एकदम करून घेते आणि मग डाव्या हातापासून अ‍ॅक्रिलिक लावत जाते. उजव्या करंगळीपर्यंत पोचेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो, आणि तेवढ्यात बाईने त्याच हाताने केस मागे घेतलेले असतात, फोन उचललेला असतो, नाक पुसलेलं असतं.

डिहायड्रेटर नखावरचं पाणी आणि तेल काढतो, पण तो परिणाम थोडाच वेळ टिकतो. नखाखालून ओलावा वर येतच असतो. म्हणून आता एक हात पूर्ण करायचा, मगच दुसऱ्याचा डिहायड्रेटर. तयार नखाला बोट लावायचं नाही, आपलंसुद्धा. धूळ झटकायला कोरडा नायलॉनचा ब्रश, आणि तो रोज धुतलेला. काल सहायक टिश्यूने पुसत होती. टिश्यूचा धागा अडकला तर खिसा तयार.

प्रायमरबद्दलही लिहून ठेवते, कारण सगळा वाद त्याचाच. आमच्याकडे दोन्ही आहेत. अ‍ॅसिड प्रायमर म्हणजे मेथाक्रिलिक अ‍ॅसिड, वाळला की खडूसारखा पांढरट दिसतो, कातडीला लागला तर भाजतो. अ‍ॅसिड-फ्री वाळून थोडा चिकट राहतो. प्रकल्पासाठी अ‍ॅसिड-फ्री धरला आहे. ब्रश बाटलीच्या तोंडावर निथळून, टिश्यूला टेकवून, नखाच्या मधोमध एक ठिपका. तो आपोआप पसरतो. टिपवर, म्हणजे लांबीसाठी नखाच्या टोकाला चिकटवतो त्या प्लास्टिकच्या नखावर, लावायचा नाही, त्याचं काम फक्त खऱ्या नखावर आहे. तीन तीन हात प्रायमर मारणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. तो साचतो, कातडीवर ओघळतो, आणि अ‍ॅक्रिलिकच्या खाली एक घसरता थर मिळतो.

12 जून

परवा वटपौर्णिमा झाली. त्यासाठी नखं केलेल्या बायका अजून तीन आठवडे यायच्या नाहीत, तोवर जुन्या पानांवर बसले.

पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या काकूंचं पान बोलकं आहे. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट. तिन्हीची बाजू सुटलेली, मागची कड शाबूत. म्हणजे तयारी ठीक होती. काकूंना विचारलं, कणीक हाताने मळता का? "मग काय पायाने?" म्हणाल्या. रोजची कित्येक किलो कणीक. मळताना बोटांची टोकं आत वळतात, लांब नख तरफेसारखं वर उचलतं, आणि ताण सगळा बाजूंना येतो. शिवाय भांड्यांचा साबण आणि तासन्‌तास ओले हात.

नखाचा बाहेरचा भाग नखाच्या गुलाबी भागापेक्षा लांब नको, हा आमचा एरवीचा नियम. काकूंसाठी तो निम्म्यावर आणला. टोकदार बदामी आकार सोडून गोलसर चौकोनी. भांड्यांना रबरी हातमोजे, आणि मोज्यांच्या आत घाम आला की काढून हात पुसायचे. हळदीचा पिवळा डाग मात्र कोणत्याही टॉपकोटने पूर्ण टळत नाही, ते त्यांना आधीच सांगितलं. "माझी पोळी पिवळी नसते, आमटी पिवळी असते," असं उत्तर मिळालं.

25 जून

बाजूने सुटलेल्या पानांत कणीक न मळणाऱ्याही बऱ्याच जणी निघाल्या. बँकेत काऊंटरवर बसणारी, कॉलेजची मुलगी, एक दंतवैद्य. त्यांचं कारण हाताच्या कामात सापडेना, म्हणून टिपांच्या डब्याकडे वळले.

टिपा 0 ते 9 नंबरच्या येतात. मधला नंबर जुळत नसेल तर लहान टिप दाबून बसवायची सवय आमच्याकडे आहे, कारण मोठी घेतली तर कडा घासाव्या लागतात. लहान टिप नखाच्या रुंदीवर ताणली जाते. ग्लूने ती तात्पुरती मानते, पण प्लास्टिकला परत आपल्या मूळ वळणावर जायचं असतं. रोज थोडं थोडं ती बाजूंना ओढत राहते, आणि वरचं अ‍ॅक्रिलिक तिच्याबरोबर जातं. आता एक नंबर मोठी घ्यायची आणि बाजू घासून बसवायची. टिप नखाच्या दोन्ही काठांना नुसती टेकली पाहिजे, दाबावं लागता कामा नये. टिपेची मागची वाटी, म्हणजे नखावर बसणारा खोलगट भाग, नखाच्या एक तृतीयांशापेक्षा वर जाऊ द्यायची नाही.

ज्यांची नखं पुढे वर वळतात त्यांना टिपच नको. त्यांच्यासाठी कागदी फॉर्म. आणि ज्यांची पसरट आहेत त्यांनाही.

दंतवैद्य बाईंचं मात्र वेगळं. दिवसभर हातमोज्यात घाम, आणि दर रुग्णाला हात धुणं. त्यांना मी स्वतः सांगितलं, तुम्ही एक्स्टेन्शन घेऊ नका. हात स्वच्छ ठेवायचं काम असलेल्याने लांब नखं ठेवू नयेत हे त्या माझ्यापेक्षा जास्त जाणतात. हसून निघून गेल्या. पान बंद.

8 जुलै

आज दुपारी क्लाएंट नव्हती, गोळ्यांची परीक्षा घेतली. प्लास्टिकच्या कागदावर दोघींनी एकेक ओळ गोळे ठेवले.

माझे गोळे कोरड्याकडे झुकतात, तिचे ओल्याकडे. बरोबर गोळा ब्रशच्या टोकावर मोत्यासारखा गोल राहतो, ठेवल्यावर काही क्षण तसाच थांबतो आणि मग हळू पसरून कडेला गुळगुळीत होतो. पृष्ठभागावर ओलसर चमक, पण भोवती लिक्विडची कड नाही. मापात सांगायचं तर पावडर एक भाग आणि लिक्विड दीड भाग. ठेवल्या ठेवल्या पाण्यासारखा पसरला तर तो ओला. दाणेदार, पिठासारखा दिसला तर कोरडा.

कोरडा गोळा नखाच्या खाचांत शिरतच नाही. त्यामुळे खिसे होतात, नखाच्या मध्ये पांढरे डाग. माझ्या हातांच्या पानांवर ते आहेत. ओला गोळा घट्ट होताना जास्त आकसतो आणि कडा नखावरून ओढून घेतो. तिच्या पानांवर मागची कड अजूनही काळी होतेय, तयारी सुधारल्यावरही, त्याचं हे उत्तर. शिवाय ओला गोळा कातडीवर वाहतो. कातडीवर चढलेलं अ‍ॅक्रिलिक म्हणजे उचलायला ठेवलेलं हँडलच. कातडी हलते, नख हलत नाही.

ओल्या गोळ्याची दुसरी भीती लिफ्टिंगपेक्षा मोठी. साखळीत न अडकलेला मोनोमर कातडीत जात राहिला तर अ‍ॅलर्जी होते, आणि मेथाक्रिलेटची अ‍ॅलर्जी एकदा बसली की सहसा जात नाही. ती क्लाएंटला होते तशी आपल्यालाही होते. म्हणून ब्रश बोटांनी पिळायचा नाही, टिश्यूला टेकवायचा.

मागच्या कडेला कातडीपासून जवळपास एक मिलिमीटर जागा मोकळी सोडायची, आणि तिथे अ‍ॅक्रिलिक कागदाइतकं पातळ. जाडी पुढे, जिथे नख बोटाच्या टोकावरून बाहेर पडतं त्याच्या जरा मागे. एपेक्स, म्हणजे हा सर्वांत जाड उंचवटा, तिथे असला की धक्का तो झेलतो. सहायक लांबून एकेक नख आडवं धरून बघते आता. मला ते आवडलं.

19 जुलै

आज एक मुलगी आली. दुसरीकडे केलेली नखं, अनामिका मागून निम्मी सुटलेली, आणि त्या फटीत तिने घरी फेविक्विक सोडलेलं. ऑफिसात उद्या कार्यक्रम, म्हणून वरून नवा रंग लावून हवा होता.

मी अ‍ॅक्रिलिक उतरवलं. खाली नखावर हिरवट काळा डाग. याला धंद्यात ग्रीनी म्हणतात. ही बुरशी नव्हे, स्यूडोमोनास नावाचा जिवाणू. ओलावा आणि अंधार मिळाला की वाढतो आणि हिरवा रंग सोडतो. सुटलेल्या अ‍ॅक्रिलिकखालच्या फटीत त्याला दोन्ही मिळतं, आणि वरून ग्लू ओतून झाकण लावलं तर विचारायलाच नको.

तिला म्हटलं, "या बोटावर काही लागणार नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखव." ती म्हणाली, "ताई, नुसता रंग तरी." नाही. बाकीच्या नऊ बोटांचंही उतरवून दिलं. तो हात ज्या फाइलने केला ती फेकली, धातूची अवजारं साबणाने घासून मग जंतुनाशकात. डाग नख वाढत जाईल तसा पुढे जाईल. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे काही महिने ते बोट तिला आठवण करून देणार.

क्लाएंटला देतो त्या चिठ्ठीवर आज ठळक ओळ घातली: सुटलं तर ओढू नका, चिकटवू नका, फोन करा. दुरुस्तीचे पैसे पहिल्या आठवड्यात घेत नाही, हेही लिहिलं. पैशाच्या धाकाने बायका घरी ग्लू लावतात.

2 ऑगस्ट

एक विक्रेता लिटरमध्ये लिक्विड घेऊन आला, आमच्या दराच्या पाव किमतीत. डब्यावर घटकांची यादी नाही. झाकण उघडलं तर वास डोक्यात गेला, आमच्यापेक्षा कितीतरी तीव्र.

एमएमए असणार, मिथिल मेथाक्रिलेट. नखांवर ते दगडासारखं कडक होतं, अ‍ॅसिटोनमध्ये जवळजवळ विरघळत नाही, आणि मुळात नखाला नीट धरत नाही, म्हणून लावणारे नख खरवडून पातळ करतात. अडकून ताण आला तर अ‍ॅक्रिलिक तुटत नाही, खालचं नखच उखडतं. अमेरिकेत 1970 च्या दशकात इजा झाल्याच्या तक्रारींवरून तिथल्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) या लिक्विडविरुद्ध कारवाई केली, 1974 मध्ये कोर्टाचा हुकूमही मिळवला. पन्नास वर्षं झाली आणि डबा अजून डोंबिवलीत फिरतोय.

"लिफ्टिंग होत नाही मॅडम याने," असं विक्रेता म्हणाला. परत पाठवला.

18 ऑगस्ट

रिफिलची पानं वेगळी काढली. एक गोष्ट आधी लक्षात यायला हवी होती असं नाही, ती दिसायला एवढी पानं लागलीच: पहिल्या सेटला घट्ट राहिलेली नखं रिफिलनंतर सुटताहेत.

सुटलेला भाग निपरने (कापायच्या छोट्या पकडीने) कट् कन उचलला की आवाज छान येतो आणि काम झटपट होतं. पण निपर सुटलेल्यावर थांबत नाही, घट्ट बसलेल्यालाही थोडं उचलतो. ती नवी फट डोळ्याला दिसत नाही. तीवर ताजं अ‍ॅक्रिलिक गेलं की पुढच्या लिफ्टिंगची सोय झाली. आता निपर बंद. सुटलेला भाग ई-फाइलने वरून घासत आणायचा, पातळ होत होत त्याची कड नखात मिसळेपर्यंत. सावलीसारखी रेघ दिसत राहिली तर अजून सुटलेलं आहे. मग खालच्या वाढलेल्या नखाची तयारी पहिल्या दिवसासारखी पूर्ण, क्युटिकलसह.

बिट एका जागी दाबून धरलं की नख तापतं आणि कातडीलगत लाल वर्तुळं उमटतात. तो लाल चट्टा म्हणजे नख पातळ झालं. पातळ नख वाकतं, अ‍ॅक्रिलिक वाकत नाही.

सुटलेला तुकडा उलटा करून बघायची सवय दोघींना लागली आहे. आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत असेल तर ते कधी चिकटलंच नव्हतं, तयारीत तेल किंवा चमक राहिली. आत नखाचे पांढरे पापुद्रे चिकटून आले असतील तर चिकटलं होतं, नखच कमजोर होतं. पहिल्यासाठी हात सुधारायचा. दुसऱ्याला विश्रांती.

30 ऑगस्ट

गणपतीत काम कमी. ज्या आल्या त्या उकडीच्या मोदकांच्या कहाण्या घेऊन. गरम उकड मळून, कळ्या पाडून, वर भांड्यांचा ढीग. तरी नव्या पद्धतीने केलेल्यांपैकी मागची कड सुटलेली एकच, आणि तिने नख केल्याच्या संध्याकाळीच पुरणाची पातेली घासली होती. चिठ्ठीवर ओळ: पहिला दिवस पाण्यात हात कमी.

15 सप्टेंबर

वही उलटी सुलटी चाळली. मे महिन्याची पानं मागच्या कडेला काळीकुट्ट. ऑगस्टच्या शेवटची बरीच कोरी, आणि जे काळं आहे ते विखुरलेलं. बाहेर दमटपणा तेव्हापेक्षा जास्त होता, प्रायमर तोच. पावसावर खापर फोडायची सोय राहिली नाही.

काही जणींचं मात्र काहीही केलं तरी सुटतं. कायम घाम येणारे तळहात, दातांनी कुरतडून नखाची गुलाबी जागा अर्धी राहिलेली बोटं, सोललेली पातळ नखं. कुरतडणाऱ्यांसाठी अगदी आखूड, टिपेशिवायचा अ‍ॅक्रिलिकचा थर आणि दहा दिवसांनी दुरुस्ती, असं करून बघतोय. घामवाल्यांना मी प्रेस-ऑन, म्हणजे वरून चिकटवायची तयार नखं, सुचवते. कार्यक्रमापुरती लावा, रात्री काढा. धंदा थोडा जातो, पण शिव्या वाचतात.

12 ऑक्टोबर

दिवाळीचं बुकिंग. यंदा पहिली आंघोळ 20 तारखेला. दरवर्षी हाच घोळ, कुणी सांगतं तेल लागलं की नखं सुटतात, म्हणून बायका अभ्यंग टाळायच्या गप्पा करतात.

तेलाचा त्रास लावण्याच्या आधी आहे. त्या दिवशी सकाळी डोक्याला खोबरेल लावून कुणी आली तर तिला आधी हात साबणाने धुवायला पाठवायचं, नखांच्या खालून ब्रशने, आणि मग नीट कोरडे होईपर्यंत बसवायचं. नखं घट्ट बसल्यावर तेल लागलं तर बिघडत नाही. उलट रोज रात्री कडेला एक थेंब तेल चोळलं तर नख आणि कातडी कोरडी पडत नाहीत. उटण्याची जाडसर भरड मात्र कडेखाली अडकते, बोटांनी न घासता तळहाताने लावा म्हणून सांगतो. चकलीचा सोऱ्या दाबायला दुसऱ्या कुणाला बसवा, हेही. हे ऐकून सगळ्या खूश होतात.

18 आणि 19 तारखेचे सगळे वेळ भरले. 20 ला पहाटे नखं करून मागणारी एक आहेच.

9 नोव्हेंबर

तुळशीचं लग्न झालं, आता माणसांची सुरू. पाऊस गेला, वही ठरल्याप्रमाणे बंद करायला हरकत नाही, पण सहायक म्हणते चालू ठेवू. तिच्या ओल्या गोळ्यांची पानं आता माझ्यापेक्षा स्वच्छ आहेत, आणि हे ती दिवसातून दोनदा सांगते.

सप्लायर नवा प्रायमर घेऊन आला, दुप्पट ताकदीचा म्हणे. जुनी बाटली अजून अर्धी आहे.

पुढचं बघायचं ते थंडीचं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी खोली गार असते आणि गोळ्यावर बर्फासारखे पांढरे स्फटिक धरतात, मग तो नखावर पसरतच नाही. दहाच्या आधीची अपॉइंटमेंट घ्यायची नाही. घ्यावीच लागली तर खोली आधी तासभर उबदार करायची, क्लाएंटचे हात टॉवेलात ठेवायचे. लिक्विडची वाटी हीटरजवळ न्यायची नाही, ते पेट घेतं. हीटर दाराशी, टेबल खिडकीशी. नव्या पानांवर तापमानाचा रकाना मोठा केला आहे.